घोंगडीचं दुसरं टोक

दर वर्षी पावसाळा संपत आला की माझ्या टेबलावर नूतनीकरणाचा एक कागद येतो. विमा एजंटाच्या टेबलावर असे कागद ढिगाने येतात. ट्रॅक्टर, टेम्पो, किराणा दुकान, पोल्ट्री. हा एकच कागद मी इतरांत मिसळू देत नाही. त्यावर छापलेलं असतं : 'वस्तू – हातमागावरील लोकरीची घोंगडी, नक्षीसह. नग एक.' खाली सोपानअण्णांचं नाव, तालुका पाथर्डी. आणि सगळ्यात खाली एक प्रश्न : 'वस्तू सुस्थितीत आहे काय?'

पॉलिसी कधीच संपली. अण्णांना जाऊन दोन वर्षं होतील. तरी कॉम्प्युटर कुठून तरी हा कागद काढतोच. मी तो भरत नाही, फाडतही नाही. ड्रॉवरमध्ये ठेवतो.

मी फारसा बोलणारा माणूस नाही. विम्याच्या धंद्यात ही अडचणच; पण माझ्या गप्प राहण्याला लोक सभ्यपणा समजत आले आणि माझं निभलं. अण्णांच्या बाबतीतही मी गप्प राहिलो. तिथे तो सभ्यपणा नव्हता. ते आता सांगून टाकतो.

पहिल्यांदा त्यांच्या दारात गेलो तो जीपची वाट बघत. मेंढ्यांच्या विम्याचं काम होतं. कानात बिल्ले मारून, फोटो काढून झाले होते. दिवाळीनंतरचे दिवस. निम्मं गाव ऊसतोडीला श्रीगोंद्याकडे गेलेलं, त्यामुळे गल्ल्या झाडून ठेवल्यासारख्या रिकाम्या. परतीची जीप भरल्याशिवाय हलणार नव्हती आणि भरायला माणसंच नव्हती. कुणी तरी म्हणालं, "तवर अण्णाकडं टेका."

आत अंधार. डोळे सरावले तेव्हा दिसलं, की खोलीच्या मधोमध एक माणूस कमरेपर्यंत जमिनीत आहे. खड्ड्याचा माग मी आयुष्यात पहिल्यांदा पाहत होतो. पाय खड्ड्यात, समोर काळ्या लोकरीचा ताणा, हातात धोटा. चिंचोक्याच्या खळीचा आंबट वास. साठी उलटलेले, अंगाने काटकुळे, भुवयांवर लोकरीची बारीक कूस बसलेली, त्यामुळे चेहरा सतत थोडा चकित झाल्यासारखा.

"कोन?"

"विमा कंपनीकडून आलोय. जीप येईपर्यंत बसू का?"

"इमा व्हय? बसा की इमासाहेब."

तेव्हापासून शेवटपर्यंत मी 'इमासाहेब'च राहिलो. त्यांनी माझं नाव कधी विचारलं नाही. मला वाटतं, माणसाचं नाव त्याच्या कामावरून पडतं असा त्यांचा सरळ हिशोब होता.

बसायला एक घोंगडी अंथरली होती. बसल्याबरोबर त्यांनी विचारलं, "टोचतीय का?"

"थोडी."

"मंग बरूबर हाय. न टोचनारी घोंगडी म्हंजी चादर."

हा प्रश्न ते दारात आलेल्या प्रत्येकाला विचारत. तलाठी येवो, पाहुणा येवो, मोबाईलच्या टॉवरचं भाडं ठरवायला आलेला इसम येवो. "नाही हो, मऊ आहे" असं जो खूश करायला म्हणेल त्याला चहा मिळे, पण दुसरा कप मिळत नसे.

मी सवयीने विषय काढला. म्हटलं, अण्णा, एवढा माल घरात असतो, विमा उतरवून ठेवा.

"आग लागली तर?"

"भरपाई मिळते."

"चोरी झाली तर?"

"मिळते."

"आन कसर लागली तर?"

मी म्हणालो, कसर, वाळवी, उंदीर हे त्यात बसत नाही.

अण्णा माग थांबवून हसले. "आमच्या घरात तीन पिढ्यांत आग न्हाई, चोर न्हाई. कसर मातुर दर साली येती. तुमी इमा काढता, पर वैरी कोन त्येच तुमाला ठावं न्हाई."

आतून चंद्राकाकूंचा आवाज आला. ही त्यांची बायको. सूत कातण्याचं काम तिचं, आणि अण्णांना जमिनीवर ठेवण्याचंही. "कसरीपरीस मोठा वैरी खड्ड्यात बसलाय. चार हात इनतो आन दोन हात उसवतो."

जीपचा हॉर्न वाजला तसा मी उठलो. अण्णाही खड्ड्यातून वर आले. मला म्हणाले, "तसं जाऊ नका. त्ये टोक धरा." मी बसलो होतो ती घोंगडी आम्ही दोघांनी चार कोपरे धरून झटकली. "घोंगडी एकट्याला झटकता येत न्हाई. आन मानूस हितं कळतो बगा. कोन हिसका मारून ओढतं, कोन सैल सोडतं."

"मग मी?"

"तुमी सैल सोडता."

मी हसलो. काकू म्हणाली, "मनावर घेऊ नका. आल्यागेल्याची परीक्षा घ्यायची खोड हाय. लग्नाच्या बोलनीत माझ्या बापालाबी टोक धरायला लावलं हुतं."

"आन पास झाला म्हनून तर तू हितं हायस," अण्णा म्हणाले.

जीपमध्ये मी ती गंमत म्हणून शेजारच्याला सांगितली. आता वाटतं, पहिल्याच दिवशी, अर्ध्या मिनिटात, त्या माणसाने माझं सगळं वाचलं होतं. तरीही पुढे विश्वास ठेवला. हे मला अजून उलगडत नाही.

त्यानंतर त्या बाजूला काम निघालं की मी जाऊ लागलो. काम नसलं तरी काढू लागलो. नगरच्या ऑफिसात दिवसभर लोक मला कशाकशाची भीती वाटते ते सांगत असत, कारण विमा भीतीवरच चालतो. अण्णांकडे गेलं की ते बंद होई. ते मूठभर लोकर नाकाजवळ नेत आणि सांगत, ही अमक्याच्या कळपाची, औंदा ही मेंढरं घाटाखाली चरायला गेली हुती. खरं-खोटं मी तपासलं नाही. तपासावंसं वाटलं नाही.

विणलेला भाग ते डोळ्यांनी बघतच नसत. डोळे मिटून उजव्या हाताचं पहिलं बोट कापडावरून हळू फिरवत नेत. कुठे चुकलं असेल तिथे बोट थांबे. मग काही न बोलता उसवणं सुरू. दिवसाचं काम जाईल, दोन दिवसांचं जाईल. एकदा मी म्हटलं, एवढं कोण बघतंय अण्णा? तर म्हणाले, "उसवायची लाज धरली की मानूस चुका पांघरून हिंडतो."

यावरून बेलापूरच्या मास्तरांची गोष्ट. हे मास्तर ख्रिस्ती, निवृत्त, थंडीत सकाळी लवकर प्रार्थनेला जाताना पांघरायला म्हणून त्यांनी अण्णांकडून घोंगडी नेली होती. महिन्याने अण्णा एसटीच्या दोन गाड्या बदलून बेलापुरात हजर. मास्तरांना वाटलं काही अडचण असेल. अण्णा म्हणाले, "मास्तर, तुमच्या घोंगडीत डाव्या काठाला एक धागा मी सोडलाय. घरी गेल्यावर बोटाला आठवलं." मास्तरांनी चष्मा लावून शोधलं, त्यांच्या सुनेने शोधलं, कुणाला सापडेना. "तुमाला दिसनार न्हाई. पर मला झोप लागंना." ती घोंगडी त्यांनी परत नेली, दुरुस्त होईपर्यंत वापरायला दुसरी देऊन आले. मास्तर मला हे सांगताना म्हणाले होते, "आमच्यात पापाची कबुली द्यायला माणूस चर्चमध्ये जातो. हा बुवा बेलापूरला आला."

मी तेव्हा मान डोलावली होती.

आता खुरवाटीकडे येतो. आजवर ते टाळत आलो.

एके वर्षी श्रावण सरताना गेलो, तर मागावर काही वेगळंच चाललं होतं. अण्णांची घोंगडी नेहमी काळी, काठाला पांढरे पट्टे. पण ह्या काळ्यावर पांढऱ्या लोकरीचे बारीक जोडठसे उमटत होते. मेंढीचा खूर मातीत उमटतो तसे, दोन पाकळ्यांचे. एका टोकाला ते सगळ्या पन्ह्यावर, म्हणजे पूर्ण रुंदीभर, पसरलेले, आणि जसजसं पुढे जावं तसतसे जवळ जवळ येत शेवटी एका अरुंद वाटेत मिसळणारे. प्रत्येक खूर बोटांनी दोरा घालून. मी विचारलं, हे काय?

"खुरवाट." ते जरा लाजले. "तळ्याच्या काठाला सांजंचं बसलो हुतो. मेंढरं पानी पिऊन गेली, मागं गाळात खूर ऱ्हायले. पसरून आली हुती, जाताना वाघुरीच्या तोंडाला एकामागं एक. लई दिस डोक्यात हुतं. बोटं चालत्यात तवर करून बघावं म्हनलं." वाघूर म्हणजे मेंढ्यांना रात्री कोंडायचं जाळ्याचं कुंपण.

मी बराच वेळ बघत राहिलो. सुंदर वस्तू पाहिली की काही जणांना गाणं सुचतं. मला फॉर्म सुचतो. नुकतंच नगरला कारागिरांच्या नक्षीच्या नोंदणीबद्दल एक शिबिर झालं होतं आणि मी तिथे पुढच्या रांगेत बसून टिपणं घेतली होती. खरं तर पेटंट हे शोधाला मिळतं आणि नक्षीची होते ती डिझाईन नोंदणी. पण आमच्याकडे सगळ्यालाच पेटंट म्हणतात. मी म्हणालो, अण्णा, ह्याचं पेटंट घेऊ. मग तुमच्याशिवाय कुणाला ही नक्षी विणता येणार नाही, छापता येणार नाही. आणि हिचा वेगळा विमाही उतरवू. तुमची स्वतःची अशी ही पहिलीच नक्षी आहे.

"पट्टे माझे न्हाईत," ते पटकन म्हणाले. "पट्टे माझ्या आज्याचे. काठाची करवत आईची. त्येच्यावर माझं नाव लावू नका."

"नाही लावत. फक्त खूर तुमचे."

"खूर मेंढरांचे."

"अण्णा!"

"बरं, बरं. लिवा. मेंढरं काय सही करायची न्हाईत."

एक अडचण होती. नोंदणी व्हायची तर अर्ज जाण्याआधी ती नक्षी चारचौघांत आलेली चालत नाही. आणि ह्या घरची रीत अशी, की नवी नक्षी विणली की पहिला नग गावच्या बिरोबाच्या अंगावर घालायचा. ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या आधी यात्रा भरते. सगळं गाव असतं. देवाने पांघरली की मग माणसांनी. आधी माणसांत फिरलेली नक्षी देवाला उष्टी.

मी सांगितलं, औंदा घालू नका. अर्ज जाऊ द्या, मग घाला.

काकू भडकली. "देवाला कशाला पेटंट लागतंय? त्यो काय नक्कल करून इकनार हाय?"

अण्णा खड्ड्यात पाय सोडून बसून राहिले. माझ्या डोळ्यांसमोर ती बसण्याची ढब अजून आहे. दोन्ही हात ताण्यावर पालथे ठेवलेले, जनावराच्या पाठीवर ठेवावेत तसे. मग म्हणाले, "इमासाहेब आपल्या भल्याचं सांगत्यात. थोरल्या देवाला समजंल."

घोंगडी अजून मागावर होती, पण नक्षीचं काम उरकत आलं होतं. मी मोबाईलवर फोटो काढले. पूर्ण, जवळून, कोपऱ्यातून. "हे कुणाला दावू नका," मीच त्यांना बजावलं. आणि फोन खिशात टाकला.

त्या यात्रेला अण्णा देवाकडे रिकाम्या हाताने गेले. काकूंनी सांगितलं मला, नंतर.

अर्ज तयार होता. एक सही, दोन कागद, पाठवायचं तेवढं बाकी. तो माझ्या बॅगेत राहिला. आज जाईल, उद्या जाईल. मधे दिवाळी आली, मग मुलीची ॲडमिशन, मग कंपनीचं टार्गेट. कुणी अडवलं नव्हतं. कारणच हवं असेल तर एवढंच, की ते काम माझ्यासाठी चांगलं काम होतं, तातडीचं नव्हतं.

विम्याचं मात्र मी मनावर घेतलं, कारण तो माझा धंदा. कंपनीने विचारलं, हाताने केलेल्या वस्तूची किंमत ठरवणार कोण? मूल्यांकनाचं पत्र आणा. माझ्या ओळखीचा एक व्यापारी होता, हस्तकलेच्या वस्तूंचं मोठं दुकान असलेला. नाव लिहीत नाही; त्याचं नाव पुढे केलं की माझा दोष त्यामागे लपला असता, म्हणूनच लिहीत नाही. मी गावाला जाऊन तयार घोंगडी आणायचीही तसदी घेतली नाही. फोनमधले तेच फोटो त्याला पाठवले. खाली लिहिलं, 'कशी आहे? एकदम नवीन नक्षी आहे. अजून कुणी पाहिलेली नाही.'

हे शेवटचं वाक्य लिहायची काय गरज होती? मिरवायचं होतं. एवढी सुंदर गोष्ट मला ठाऊक आहे आणि तुला नाही, हे सांगायचं होतं. आणि खरं सांगायचं तर आणखी एक होतं. त्याच्या दुकानाच्या मालाचा विमा दुसऱ्या एजंटाकडे होता. तो मला हवा होता.

पत्र आलं. विमाही आला, दोन्ही. अण्णांच्या घोंगडीचा आणि त्याच्या दुकानाचा.

थंडीत त्या दुकानात मालाची पाहणी करायला गेलो, तेव्हा गोदामात प्लास्टिकच्या पिशव्यांत ब्लँकेटची थप्पी दिसली. काळी, मऊ, मशीनवरची. वर पांढरे खूर. रुंद वाटेवरून अरुंद वाटेकडे. तो व्यापारी शेजारी उभा राहून मला चहात साखर किती विचारत होता. मी म्हणालो, एक चमचा.

एवढंच बोललो मी त्या दिवशी. घरी येऊन अर्ज पाठवला, म्हणजे जणू पोस्टात पडला की मागचं सगळं पुसलं जाईल.

उन्हाळ्यात उत्तर आलं. सरळ, सभ्य भाषेत : ही नक्षी अर्जाच्या आधीच बाजारात उपलब्ध असल्याचे आढळले. ते पत्र घेऊन मी पाथर्डीला निघालो. वाटेत तीनदा ठरवलं, की आज सांगायचं. जीपमध्ये मनातल्या मनात वाक्यंही जुळवली होती.

पोचलो तर दारात शेजारची कुसुम उभी, हातात ते ब्लँकेट. पाथर्डीच्या बाजारातून आणलेलं. बिचारी अभिमानाने सांगत होती, "अण्णा, तुमची नक्षी पार बाजारात गेली की वो! मला आधी सांगितलं असतं तर तुमच्याकडनंच घेतलं असतं." तिने ती नक्षी कधी तरी मागावर डोकावून पाहिली असावी.

काकू आतून बाहेर आली. अण्णांनी ब्लँकेट मांडीवर घेतलं. डोळे मिटले. बोट फिरू लागलं. रुंद भागावरून, एकेका खुरावरून. मी पत्र हातात धरून उभा. एका कोपऱ्याजवळ बोट थांबलं. परत मागे गेलं, परत तिथेच आलं आणि थांबलं. किती वेळ, सांगता येणार नाही. बाहेर कुणी तरी शेळीला हाकत होतं, ते ऐकू येत राहिलं.

मग त्यांनी डोळे उघडले. माझ्याकडे पाहिलं, हातातल्या पत्राकडे पाहिलं, आणि घडी घालून कुसुमला ब्लँकेट परत दिलं. "ऊब चांगली हाय. लेकराला घाल."

ती गेल्यावर काकू ओरडली, "पर ह्ये गेलं कसं बाहेर? घरातनं तर काय हाललं न्हाई!"

अण्णा म्हणाले, "देवाचं आधी देवाला दिलं न्हाई. दुसरं काय व्हनार?"

तो क्षण माझा होता. मी तोंड उघडलंसुद्धा. आणि म्हणालो, "पत्रातही तेच आलंय, अण्णा. उशीर झाला."

म्हणजे मी त्यांना तसंच समजू दिलं. नक्षी गेली ती गेली. पण देवाने आपल्याला शिक्षा केली असं त्या माणसाला वाटत राहिलं तर वाटू दे, माझं नाव येत नाही ना, असा विचार मी केला. विचार केला हेही खरं नाही. फक्त गप्प राहिलो, नेहमीसारखा. काकूने चहा दिला. अण्णांनी तिला दुसऱ्या कपासाठी खूण केली. मी दोन कप चहा पिऊन आलो.

त्यानंतर मी जाणं टाळलं. भाद्रपदात त्यांचा फोन आला. फोन ते कधी करत नसत; शेजारच्या कुणी लावून दिला होता. "इमासाहेब, यात्रंला या. काम हाय." एवढंच. आणि मोठ्याने, पलीकडच्या कुणाला तरी, "हे बंद कुठनं व्हतंय रं?"

गेलो. बिरोबाचं देऊळ गावाबाहेर, टेकाडावर. ढोल, भंडारा, गुडीशेव, टोळ्यांना न्यायला आलेल्या ट्रकांची रांग. आणि जिकडे पाहावं तिकडे खुरवाट. पोरांच्या खांद्यावर, ट्रकच्या टपावर बांधलेल्या गाठोड्यांभोवती, पाळण्यात. ऊस तोडायला जाणाऱ्यांना थंडीसाठी स्वस्त आणि मऊ काही तरी हवंच असतं. त्यांनी घेतलं यात त्यांचं काय चुकलं?

अण्णा पायरीवर बसले होते, मांडीवर फडक्यात बांधलेलं गाठोडं. वाळले होते. एक चार-पाच वर्षांची पोरगी ब्लँकेट गुंडाळून समोरून चालली होती. तिला त्यांनी हाताने जवळ घेतलं, कोपरा उलगडला आणि मला म्हणाले, "हितं बगा. चष्मा लावा."

मी पाहिलं. सगळे खूर दोन पाकळ्यांचे. कोपऱ्यातल्या तिसऱ्या ओळीत एक खूर एकाच पाकळीचा होता.

"लंगडी मेंढी," अण्णा म्हणाले. आवाजात राग नव्हता, उलट जुनं ओळखीचं जनावर दिसल्यावर होतो तसा आवाज. "ही चूक माझी. तुमी फोटू काढून गेलात त्याच सांजंला बोटाला लागली. दोन दिस उसवत बसलो. म्हातारीनं शिव्या घातल्या, इचारा तिला. नीट करूनच मागावरनं काढली. मंग ही लंगडी ऱ्हायली कुटं, सांगा. फकस्त तुमच्या फोटूत."

पोरगी कंटाळून निघून गेली. ते खूर तिच्या पाठीवर गर्दीत हलत हलत नाहीसे झाले.

"त्या दिवशी," मी शेवटी कसंबसं विचारलं, "कुसुमचं ब्लँकेट हातात घेतलं तेव्हाच—"

"व्हय."

"मग देवाचं नाव का घेतलंत?"

"चंद्रानं तुमाला दारातनं हाकललं असतं." त्यांनी मांडीवरच्या गाठोड्याची गाठ चाचपली. "आन देवाचं देनं तर ऱ्हायलं हुतंच की. त्ये काय खोटं न्हाई."

"अण्णा, मी—"

"ऱ्हाऊ द्या. बोलायचं तवा तुमी बोलला न्हाईत. आता काम करा."

त्यांनी गाठोडं सोडलं. आत घोंगडी होती. राखाडी. एकही पट्टा नाही, एकही खूर नाही. सकाळी धुकं पडल्यावर माळ दिसतो तशी. मला कळेना. काकू मागून आली होती. ती रडत नव्हती, पण तिचा आवाज रडून संपल्यासारखा होता. "स्वतःच्या हातानं उसवली बगा. समदी. पांढरं-काळं एकत्र पिंजलं. मी पाया पडले, ऐकलं न्हाई."

"खुरवाट?" मी विचारलं. "ती... ती खुरवाट?"

"उष्टी झाली हुती," अण्णा म्हणाले. "उष्टं देवाला चालत न्हाई. पर उसवलं, धुतलं, पिंजलं, की लोकर पुन्यांदा लोकर व्हती. तिला काय ठावं न्हाई आदी काय झालं त्ये."

मी विमा उतरवला होता तो आगीचा, चोरीचा, पुराचा. मालकाने स्वतःच्या बोटांनी ती नाहीशी केली. आज जगात खुरवाट आहे ती फक्त लंगडी. हजारो घरांत, उसाच्या फडांवरच्या कोप्यांत, एसटीच्या सीटवर. चारही पाय धड असलेली एकच होती आणि ती मी पूर्ण झाल्यावर पाहिलीसुद्धा नव्हती. आळसापोटी.

गुरव वाट बघत होता. अण्णा पायरीवरून उठले, गाभाऱ्याच्या दारात उभे राहिले. त्यांच्या सोबत कुणी तरी घरचं असतं दर वेळी; थोरला मुलगा श्रीगोंद्याला फॅक्टरीत ट्रक चालवतो, तो आला होता, पुढे झाला. अण्णांनी त्याला हाताने बाजूला केलं आणि गर्दीत मला शोधलं.

"इमासाहेब, त्ये टोक धरा. देवाला घालायच्या आदी झटकाय लागती."

मी चप्पल काढून आत गेलो. टोक हातात घेतलं. लोकर टोचत होती.

"सैल सोडू नका," ते म्हणाले.

आम्ही झटकली. एकदा, दोनदा. बारीक कूस उडाली आणि दिव्याच्या उजेडात तरंगत राहिली. मी धरून होतो. आयुष्यात कधी काही एवढं घट्ट धरलं नसेल. घोंगडी दोघांच्या मधे ताठ झाली, तसं त्यांनी डोळे मिटले. त्या हिवाळ्यात ते गेले, मला उशिरा कळलं. पण माझ्यापाशी त्यांचं शेवटचं जे आहे ते हेच. भुवयांवर कूस, मिटलेले डोळे, डाव्या हातात त्यांचं टोक, आणि उजव्या हाताचं पहिलं बोट त्या राखाडी कापडावरून हळूहळू, कुठे चुकलंय का चाचपत, माझ्या टोकाकडे येत असलेलं.